तंगुसाच्या टोकाला बटण

माशांच्या नादातले माझे पहिले तीन महिने मी चरखी उलटी बसवून काढले. आळेफाट्याच्या एका गॅरेजात मी तेव्हा शिकाऊ होतो, वय असेल एकोणीस-वीस. कलकत्त्याकडचा एक ट्रकवाला क्लच प्लेट येईपर्यंत दोन दिवस आमच्या दारात अडकून पडला होता. जाताना खूश होऊन त्याने केबिनमधली मासे धरायची फायबरची काठी आणि तिची चरखी मला देऊन टाकली. ती कशी जोडायची हे त्याने हिंदी-बंगालीत समजावून सांगितलं आणि मी मान हलवत राहिलो. न कळलेल्या गोष्टीला मान हलवणं ही माझी जुनी खोड. पुढे लग्नात ती फार उपयोगी पडली. चरखी काठीच्या खाली लोंबायला हवी होती. मी ती वर, बैलाच्या वशिंडासारखी बसवली आणि तिचा दांडा उलटा फिरवत राहिलो. शेवटी एका रविवारी पुण्याहून आलेला एक टोपीवाला गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग जवळ येऊन फार अदबीनं म्हणाला, "डावखुरे आहात का?" मी नाही म्हणालो. त्यानं काठी माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि परत दिली. एक शब्द जास्त बोलला नाही. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दहा पावलांवर तात्या, म्हणजे माझे वडील, पाण्यात पाय सोडून बसले होते.

"तात्या, ही उलटी व्हती ते तुमाला ठाव व्हतं?"

"व्हतं की."

"कवापासनं?"

"पयल्या दिवसापासनं."

"मग सांगायचं न्हाई का?"

तात्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. "तू लई रुबाबात बसायचास रे. म्हटलं, बसू दे."

असे तात्या. दुसऱ्याच्या रुबाबाला त्यांच्याकडून कधी धक्का लागला नाही. मी त्यांच्या कशाला धक्का लावला ते आता सांगायचं आहे, आणि सांगताना मी थोडा लांबचा रस्ता घेतोय हे माझ्याही लक्षात येतंय.

तात्या मूळचे मढकडचे, डोंगरातले. भात, नाचणी, आणि ओढ्यातलं जे हाताला लागेल ते. खेकडे, मळे मासे, झिंगे, सगळं खाऊन वाढलेला माणूस. नदीच्या डोहात हातातल्या दोरीनं मासा धरण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, असं मढची म्हातारी माणसं मला सांगायची. आई आळ्याची. तिच्या घरात तीन पिढ्यांची माळ. अंडं फोडलेलं भांडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. हे लग्न जुळलं कसं हे एक कोडंच आहे, पण आजोबांनी अट मात्र स्पष्ट घातली होती: पोरगी देतो, जमीन कसायला देतो, आमच्याजवळ येऊन राहा, पण गळ्यात माळ घालायची आणि मासळीला हात लावायचा नाही. तात्यांनी आईला एकदाच पाहिलं होतं, तेही आळ्याच्या आठवडे बाजारात, वांगी निवडताना. तेवढ्यावर त्यांनी डोंगर सोडला, डोह सोडला आणि गळ्यात तुळशीची माळ घातली. वांगी बरी निघाली होती का, असं मी त्यांना मोठेपणी विचारलं. "वांग्याकडं कुणी बघितलं?" म्हणाले.

मासे खाणं त्यांनी सोडलं ते सोडलंच. त्याबद्दल चुकूनही कुरकुर केली नाही. पण बोटाची सवय सुटेना. पुढे मढच्या खाली धरण झालं, त्यांच्या डोहावर मैलभर पाणी पसरलं, आणि एका दिवाळीत भावाकडे गेलेले तात्या परत आले ते दोन दिवस गप्प. आईनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "पाण्यात दोरी सोडून बसावं वाटतंय. धरायचं न्हाई. नुसतं त्यानं वढल्यालं बोटाला कळावं." आई विचारात पडली. ती वीणेकरी आबांकडे गेली. आबा आमच्या आळ्याच्या देवळात वीणा घेऊन उभे राहायचे आणि तात्यांच्या गळ्यात माळही त्यांनीच घातलेली. आबांनी विचारलं, "गळ असणार का?" आई म्हणाली, न्हाई. "मग माशाला जेवायला घालायला कुणाची बंदी हाय?" झालं. आईनं तात्यांच्या जुन्या शर्टाचं एक बटण काढलं, पांढरं, दोन भोकांचं, आणि तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोरीच्या टोकाला, जिथं गळ असतो तिथं, स्वतःच्या हातानं बांधून दिलं. बटणाभोवती पिठाची गोळी घट्ट बसते. मासा येतो, गोळी तोंडात घेतो, ओढतो, बटण लागलं की थुंकतो आणि जातो. तेवढ्या ओढीसाठी तात्या दर रविवारी आळेफाट्याहून कल्याणच्या एसटीनं मढला जायचे. पंगतीत भात नको म्हणताना लोक वाढप्याचा हात धरतात ना, तसं लागतं बोटाला, असं ते सांगायचे.

आमच्या घरातला रविवार म्हणजे दोन परातींचा आवाज. एका परातीत बाजरीचं पीठ मळलं जायचं, ते आमचं. दुसरीत गव्हाचं पीठ, शेंगदाण्याची कुटलेली पेंड, चिमूटभर हिंग, बडीशेप आणि गुळाचं पाणी, ते माशांचं. आई दोन्ही सारख्याच निगुतीनं मळायची. माशांच्या पिठाला गुळाचा वास असा सुटायचा की गोठ्यातली शेळी दाव्याला हिसके द्यायची. मग भाकरी थापल्याचा ठप-ठप आवाज, चुलीवर वांग्याचं भरीत, त्यावर कच्चं तेल, आणि शेवटी दोन सारखे ॲल्युमिनियमचे डबे. एकदा तळ्यावर आमच्याकडून डब्यांची अदलाबदल झाली आणि डबा पाण्यात रिकामा केल्यावर तात्यांना कळलं की माशांना भरीत गेलंय. आमच्यापुढे हिंगाचा गोळा. भूक कडक होती, काय करता. मला अजून वाटतं, थोडं मीठ असतं तर घरात करायला हरकत नव्हती.

तळं म्हणतो मी, सगळेच म्हणायचे, पण होता तो धरणाचा फुगवटा. रविवारी तिथं जत्रा असायची. रस्त्याच्या कडेला भजी आणि उकडलेल्या शेंगांच्या टपऱ्या, घाटाकडे निघालेल्या जीपगाड्या, कर्णा लावलेला सहलीचा टेंपो. खाली काठावर धुणं आपटणाऱ्या बायका, म्हशी, कांद्याच्या शेतांकडे पाणी ओढणारी धडधडती इंजिनं. पलीकडे ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावणारे दोघे भाऊ. आणि या सगळ्या गलक्यात, एकमेकांपासून चार-चार हातांवर, आमचे रविवारचे गळवाले: कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी माझ्यासारखा नखांत ग्रीस घेऊन आलेला. माझ्या गळ्यात माळ नव्हती, पण लागलेला मासा मी काठावरच कुणाला तरी देऊन यायचो. हल्ली तिथं तंबू झालेत, मोटारीच्या बोटी झाल्यात, सेल्फीसाठी लाकडी चौकट उभी केलीय. मी चष्मा लावून अजून जातो. गर्दीबद्दल कुरकुर करणाऱ्यांना मी सांगतो, बाबांनो, माणसं नसलेल्या तळ्याकाठी माझं मन कधी लागलंच नाही.

तात्यांच्या एका बाजूला एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरभाऊ बसायचे आणि दुसऱ्या बाजूला शाळेतले गुरुजी. दोघंही मनाचे चांगले, जिभेचे वाईट. तात्यांना त्यांनी 'बटणवाले तात्या' असं नाव ठेवलं होतं.

"काय तात्या," ड्रायव्हरभाऊ सुरू करायचे, "आज किती शर्ट शिवले माशांना?"

गुरुजी पाण्याकडे बघतच म्हणायचे, "बटण पोचलं सगळ्यांना. पुढच्या रविवारी काजं घेऊन या."

"आणतो की," तात्या म्हणायचे, आणि सगळ्यात जास्त स्वतःच हसायचे. एकदा त्या हसण्यात मीही जोरात हसलो. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी हसलोय हे फक्त त्यांनी पाहून घेतलं. मी तेव्हापासून त्या चेष्टेत हसायचं सोडलं, पण माझी लाज तिथं संपली नाही, ती फक्त आत गेली. मला वाटू लागलं, एकदा, फक्त एकदा या लोकांना दिसायला हवं की हा माणूस कोण आहे.

ती थंडीची सकाळ होती. पाणी काठोकाठ, ऊन मऊ. ड्रायव्हरभाऊंना चांगला हातभर रोहू लागला आणि सहलीची सगळी मंडळी धावत आली. फोटो झाले. मग त्यातल्या एकानं तात्यांना विचारलं, "काका, तुम्हाला नाही लागलं काही?" ड्रायव्हरभाऊंना काय, आयतं कोलीतच मिळालं. त्यांनी तात्यांचा तंगूस ओढून बटण सगळ्यांना दाखवलं, गोष्ट सांगितली, मीठमसाला लावून. ती मंडळी हसली. एकानं तर बटण दोन बोटांत धरून उन्हात फिरवून बघितलं, सराफाकडे बघतात तसं. तात्या त्यांच्याबरोबर हसत होते. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मंडळी पांगली तशी तात्या चहाला टपरीवर गेले. त्यांचा तंगूस पावडरच्या रिकाम्या डब्यावर गुंडाळलेला असायचा. तो डबा आईचा, निळ्या फुलांचा. मी आजूबाजूला पाहिलं, दातानं दोरा तोडला, बटण काठावर भिरकावलं, माझ्या डबीतला मोठ्यातला मोठा गळ टोकाला बांधला आणि त्यावर पिठाचा गोळा असा लिंपला की आतलं काही दिसू नये. हातानं हे सगळं एखादं काम केल्यासारखं नीट केलं. गॅरेजातसुद्धा माझं काम एवढं नीट कधी झालं नव्हतं.

तात्या आले. "पीठ मी लावलंय," मी म्हणालो.

"शाबास," म्हणाले, आणि तंगूस पाण्यात सोडून त्याचा एक वेढा डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर घेतला.

पहिली ओढ आली तेव्हा तात्या नेहमीसारखं गालात हसले. दरवेळी ते तसंच हसायचे, कुणीतरी ओळखीचं दारात आल्यासारखं. मग नेहमीप्रमाणे ओढ सुटायची वेळ आली आणि ती सुटली नाही. बोट सरळ झालं. तंगूस ताणला जाऊन गुणगुणायला लागला. तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एकदाच. त्यांना सगळं कळलं होतं. आता ते चाकू मागतील, तंगूस तोडतील, असं मला वाटलं, आणि माझी चाकू काढायची तयारीही झाली. पण तात्यांनी तोंड परत पाण्याकडे केलं, खांद्यावरचं उपरणं ओढून हाताला गुंडाळलं आणि उठून उभे राहिले.

मी तोपर्यंत तात्यांना शेतात पाहिलं होतं, देवळात पाहिलं होतं, सासऱ्यासमोर खाली मान घालून बसलेलं पाहिलं होतं. हा माणूस पाहिला नव्हता. मासा आत निघाला की ते एकेक वेढा सोडत पाण्यात उतरायचे, तो वळला की उलट्या पावलांनी काठाला यायचे, मनगटात कुठं घाई नाही. ड्रायव्हरभाऊ ओरडले, "ढील द्या, तात्या, ढील!"

"गप बस," तात्या म्हणाले.

तात्यांनी कुणाला गप बस म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. काठ गोळा झाला. धुणं सोडून बायका आल्या, टपरीवाला झारा घेऊन आला, ट्यूबवरचे भाऊ हातानं पाणी मारत जवळ आले. अर्धा तास तरी चाललं असेल. तेवढा सगळा वेळ तात्या हसत होते. गालातलं नाही, दात दिसेपर्यंत, मढच्या डोहावर उभ्या असलेल्या पोरासारखे.

कटला होता. दोन वर्षांच्या लेकराएवढा. उथळ पाण्यात त्याची पाठ दिसली आणि काठावरून आरडाओरडा झाला. कुणीतरी शिट्टी मारली. ड्रायव्हरभाऊंनी तर स्वतःच्या रोहूवर चक्क पिशवी टाकली. आणि मी तात्यांकडे बघितलं तर हसू गेलं होतं. माशाच्या ओठात आरपार गेलेला माझा गळ त्यांना दिसला होता, आणि त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या माळेकडे गेला होता.

"पक्कड दे," मला म्हणाले.

मी गॅरेजाची पक्कड दिली. त्यांनी गळाचा काटा तोडला, उलट्या अंगानं हळू बाहेर काढला. मासा दमून आडवा होत होता. तात्या त्याला दोन्ही हातांवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि त्याला पाण्यातच पुढं-मागं, पुढं-मागं करत राहिले, पाळण्यात घातल्यासारखं.

"सोडताय का काय?" ड्रायव्हरभाऊ कळवळून म्हणाले. "अवं, मला द्या की, राव!"

"माझ्या पंगतीला आला व्हता," तात्या म्हणाले. "जेवाय बोलवून असं करत्यात व्हय?"

बऱ्याच वेळानं माशाची शेपटी हलली, मग एकदम पाणी उडालं आणि तात्यांचे हात रिकामे झाले. ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता बाहेर येऊन माझ्या मुस्काटात देतील; द्यावी, असंही वाटलं. ते आले आणि हळूच म्हणाले, "बटण कुठाय?"

मग पुढचा तासभर त्या काठावर जे चाललं ते बघून नवीन आलेल्या माणसाला काय वाटलं असेल देव जाणे. गुरुजी गुडघ्यांवर रांगत होते. ड्रायव्हरभाऊ गाडीखाली बघतात तसे दगडांखाली बघत होते. धुण्याच्या बायका चिखल चाळत होत्या. चार बटणं सापडली, त्यातलं एक बायकांच्या झंपरचं, पण आईनं बांधलेलं एकही नाही. शेवटी तात्यांनी अंगातल्या शर्टाचं दुसरं बटण उपटलं आणि तंगुसाला बांधलं. एसटीत आम्ही शेजारी बसलो. त्यांच्या बोटाला तंगुसानं खोल चीर पडली होती. मी ती बघत होतो आणि ते खिडकीबाहेर. "तात्या, चुकलं माझं," हे तीन शब्द ओतूर येईपर्यंत मी तोंडात घोळवले, आणि ओतूर गेल्यावर गिळले.

आम्ही घरी आलो की आई डबे धुवायला घ्यायची. त्या दिवशी दिवेलागणीला तिनं पावडरचा डबा उचलला, तंगुसाचं टोक बोटात धरलं आणि थांबली.

"ह्याला चार भोकं हायती."

"मी दोन भोकांचं बांधलं व्हतं." मग तिनं तात्यांच्या छातीकडे पाहिलं, जिथं शर्ट उघडा पडला होता.

"गळ बांधला व्हता," तात्या म्हणाले. "मीच."

मी तोंड उघडलं, पण तोपर्यंत तात्यांनी गळ्यातली माळ काढली होती. ती त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली, समईच्या बाजूला, आणि हात जोडले. माझ्या जन्माआधीपासून त्या गळ्यात असलेली माळ. तिच्याखालची कातडी पांढरी होती. तसल्या मोकळ्या गळ्यानं ते जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवर उठले.

सकाळी आई गोठ्यात धार काढत होती तेव्हा मी तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. चेष्टा, बटण, माझी लाज, गळ. ती धार काढतच राहिली. बादलीत दुधाचा आवाज एका लयीत चालला होता.

"केवढा व्हता?" तिनं विचारलं.

मी हात पसरून दाखवला.

"हसले का?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "हसले," मी म्हणालो.

"किती येळ?"

"काठाला येईस्तवर."

दुधाचा आवाज थांबला. आई थोडा वेळ गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसली. मग म्हणाली, "माझ्या बापानं त्यांच्याकडून लई मोठं मागितलं रे. मला आजपत्तुर मोजता आलं नव्हतं."

तिनं तात्यांना सांगितलं की गळ पोरानं बांधला, मला ठाऊक आहे, आता माळ घाला. तात्या म्हणाले, "बांधला आसंल कुणीबी. तंगूस तोडायला मला कुणी आडवलं व्हतं? मी न्हाई तोडला." पुढचे दोन रविवार घरात एकाच परातीचा आवाज आला. तात्या अंगणात खुरप्याला धार लावत बसायचे. धार लावून झाली की पुन्हा तेच खुरपं घ्यायचे. खुरपं एवढं धारदार झालं की आईनं ते कोथिंबीर कापायला घेतलं. मी गॅरेजात नट पिळताना आटे घालवू लागलो. मालकानं विचारलं, "पोरीचं लफडं हाय का?" मी नाही म्हणालो तर त्याचा विश्वास बसला नाही.

एकादशीला आई आबांना घेऊन आली. आबा म्हातारे, ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मासा हाय का गेला?"

"गेला. नीट गेला," तात्या म्हणाले.

"आन् तुमी?"

तात्यांचा हात मोकळ्या गळ्याकडे गेला. आबांनी देव्हाऱ्यातली माळ मागवली, स्वतःच्या डोळ्यांना लावली. "ही माळ देवाची न्हाई, तात्या. देवाला काय करायचीय? ही तुमी एका बाईसाठी घातली व्हती. तिलाच विचारा, परत घालायची का."

आईनं पदर सावरला, आबांच्या हातातून माळ घेतली आणि तात्यांच्या गळ्यात घातली. नवऱ्याच्या गळ्यात दुसऱ्यांदा काही घालताना ती लाजली, आणि मी शेळीला चारा टाकायला म्हणून बाहेर पळालो.

त्या रविवारी दोन पराती वाजल्या, आणि आई नऊवारी बदलून दारात उभी राहिली. "मीबी येते." आईनं ते तळं तोपर्यंत पाहिलं नव्हतं. काठावर गुरुजींनी तिला बसायला आपली पिशवी दिली. ड्रायव्हरभाऊ तोंडातला तंबाखू थुंकून आले आणि दिवसभर एक अक्षर चेष्टेचं बोलले नाहीत. आईनं ब्लाउजच्या बटणांच्या डबीतून आणलेलं बटण बांधलं, गोळी लिंपली. तात्यांनी तंगूस पाण्यात सोडला आणि त्याचा वेढा तिच्या बोटावर घातला. ती ताठ बसून राहिली, परीक्षेला बसल्यासारखी. बराच वेळ काही नाही. मग तिचं बोट थोडंसं पुढे गेलं.

"अगंबाई!" ती म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं तात्यांचा दंड घट्ट धरला. मासा गोळी घेऊन गेला. ती हसत होती, डोळ्यांत पाणी होतं. "हे? एवढ्यासाठी येता तुमी?"

"हां."

"धरा बाई तुमचं तुमी," वेढा काढत म्हणाली. "मला चटक लागंल."

लागलीच. पुढे कितीतरी रविवार ती दोघं आणि मी, तीन डबे घेऊन जायचो. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तात्या आता तळ्यावर येत नाहीत, गुडघे ऐकत नाहीत. बाहेर ओट्यावर खाटेवर बसतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या बघतात. आईला मी सगळं सांगितलं, पण तात्यांपुढे तो विषय मी आजवर काढलेला नाही. त्यांनीही नाही. माझं एक अडलेलं आहेच. तो अर्धा तास त्यांच्यासाठी काय होता? पुढे आठवला की टोचायचा, की गोड लागायचा? मी त्या माणसाचं काही मोडलं, की त्याला त्याचं काही परत दिलं? मोडलं असेल तर मला माफी मागायची आहे आणि दिलं असेल तर मला ते ऐकायचं आहे. एवढ्या वर्षांत दोन्हीपैकी एकाचाही धीर झाला नाही.

हे एवढं लिहून झाल्यावर काल दुपारी मी बायकोला वाचून दाखवलं. ती ओतूरची, खात्यापित्या घरातली. या घरात येऊन मासळीला मुकली, याची ती मला दर पावसाळ्यात आठवण करून देते. ती मेथी निवडत ऐकत होती. माझा आवाज शेवटी जरा कापला, तेव्हा तिनं डोळे पुसायला पदर घेतला असं मला वाटलं. पण तिनं मेथीची माती पुसली. मी विचारलं, कसं झालंय?

"छान झालंय," ती म्हणाली. "पण तुमी सगळ्या जगाला विचारत बसलात. ज्याला विचारायचं ते ओट्यावर बसलेत. जा ना. आन् उजव्या अंगाला बसा, डाव्या कानानं ऐकू येत न्हाई त्यांना."